टोपी कुणापुढे, सूट कुणापुढे



दहा मिनिटांपूर्वी कोल्हार-भगवतीपूरच्या या व्यासपीठावर काय घडले ते आपण सर्वांनी पाहिले. पाहुण्याला खुर्चीवर बसवले, फेट्याचे एक टोक त्याच्याच हातात धरायला दिले, आणि एका गृहस्थांनी बघता बघता त्याच्या डोक्यावर तुरा-शेमल्यासकट फेटा उभा केला. पाहुणा शहरातला. मान किती ताठ ठेवायची, वाकून नमस्कार केला तर चालेल की सगळे घसरेल, काही कळेना. बोलायला उठताना त्याचा हात आपोआप वर गेला. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळ्यांनीच दटावले : हात लावू नका, बसलाय नीट.

फेटा पाहुण्याच्या डोक्यावर, पण तो नीट बसला की नाही हे ठरवणार पहिल्या रांगेतले आजोबा. आजच्या व्याख्यानाचा विषय नेमका हा आहे.

पुरुषांच्या पोशाखावर व्याख्यान, हे पत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल. साडीच्या काठापदरावर बोलायला आपल्याकडे माणसे पुष्कळ. पुरुषाचा आव मात्र असा, की हाताला येईल ते अंगात घालतो आणि निघतो. खरे आहे का हे? घरातल्या बाईला विचारा! कारखान्याच्या सर्वसाधारण सभेला निघालेला माणूस, तहसील कचेरीत निघालेला माणूस आणि पोरीच्या सोयरिकीला निघालेला माणूस एकच असला, तरी तीन वेळा कपाट उघडतो आणि तीन वेळा वेगळा बाहेर पडतो. त्याला वाटते ही आपली आवड. आवड थोडी असते. बाकीचा हिशेब असतो तो आज कुणापुढे उभे राहायचे याचा.

आता डोक्यापासूनच सुरुवात करू. मराठीत डोक्यावर घालायच्या वस्तूंना शब्द किती? पगडी, पागोटे, फेटा, पटका, रुमाल, मुंडासे, टोपी. शहरातल्या मुलाला हे सगळे सारखेच वाटते. पण पगडी ही पगडबंदाने आधीच बांधून तयार केलेली, उचलायची आणि डोक्यावर ठेवायची. पागोटे आणि फेटा रोज नव्याने बांधायचा. मुंडासे रानातले, घाम पुसायला आणि ओझ्याखाली चुंबळ करायलाही चालणारे. म्हणजे रोज डोक्यावर ओझे घेणारा कोण आणि न घेणारा कोण, हे लांबूनच ओळखू येत असे. त्यासाठी नाव-गाव विचारायची गरज नव्हती.

पुण्याचेच पाहा. रानडे, टिळक, गोखले यांच्या चित्रांमधून जी पगडी घराघरांत पोचली, त्या पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच शहरात २०१८ साली शरद पवारांनी आपल्या कार्यकर्त्यांना सांगितले, की यापुढे सत्काराला पुणेरी पगडी नको, महात्मा फुल्यांचे पागोटे हवे. आणि पुढच्याच जानेवारीत पुणे विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात पाहुण्यांच्या पुणेरी पगडीवरून विद्यार्थ्यांनी वाद उभा केला, फुले पगडीचा आग्रह धरला. वर्तमानपत्रांतून चेष्टा झाली, की बेकारीचे प्रश्न सोडून पगडीवर कसले भांडता? पण चेष्टा करणारे चुकत होते. विद्यापीठ सावित्रीबाई फुल्यांच्या नावाचे. तिथे पदवी घेताना समोर कुणाचे डोके दिसते, हा प्रश्न कापडाचा नव्हताच.

बरे, हे सगळे आपल्याकडचेच मागासलेपण, असे कुणाला वाटत असेल तर जरा साहेबाच्या देशात जाऊन येऊ.

२०१६ साली ब्रिटनमध्ये सरकारी आयोगाचा एक अहवाल आला. लंडनच्या बड्या गुंतवणूक बँकांत गरीब घरच्या हुशार मुलांना का शिरकाव मिळत नाही, याचा तो शोध होता. त्यात एक कारण निघाले बुटांच्या रंगाचे. सुटावर तपकिरी बूट घालून मुलाखतीला आलेला मुलगा काही मुलाखतकारांच्या मनातून उतरायचा. गुण उत्तम, बोलणे उत्तम, पण बूट तपकिरी! शहरात काळा बूट, खेड्यात तपकिरी, हा तिथल्या खानदानी लोकांचा जुना रिवाज. ज्याच्या बापाने तो पाळला नाही, त्याच्या मुलाला तो कोण सांगणार? कोणत्या पुस्तकात तो छापलेला असतो?

टायचे पट्टे घ्या. इंग्लंडमध्ये तिरप्या पट्ट्यांचा टाय म्हणजे एखाद्या पलटणीची, शाळेची किंवा क्लबाची खूण. त्या पलटणीत नसताना तो बांधणे म्हणजे दुसऱ्याचे पदक छातीवर लावणे. अमेरिकेच्या ब्रुक्स ब्रदर्स या जुन्या दुकानाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्टे तेच ठेवले, फक्त उतार उलटा केला. इंग्रजी पट्टा घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून खाली येतो, अमेरिकी उजव्याकडून. झाले! पलटणीचा टाय पगारदार कारकुनाच्याही गळ्यात आला. आपल्याकडे पट्ट्याच्या उताराकडे कोण बघतो? पण लंडनच्या जुन्या क्लबात एखादा म्हातारा हमखास बघतो, आपल्या पहिल्या रांगेतल्या आजोबांसारखाच.

इटलीतले नेपल्स उन्हाचे गाव. १९३२ साली जेन्नारो रुबिनाच्ची यांनी तिथे कपड्यांचे दुकान काढले आणि नाव दिले ‘लंडन हाउस’. त्यांना आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना साहेब व्हायचे होते. पण इंग्रजी कोट हा फौजी शिंप्यांच्या परंपरेतला : खांद्यात भरण, छातीत ताठ अस्तर, उभ्या उभ्या सलामी देणारा. तो नेपल्सच्या उकाड्यात कोण घालणार? तिथल्या कारागिरांनी खांद्यातले भरण काढले, अस्तर उतरवले, बाही सदऱ्याला लावतात तशी बारीक चुण्या घालून लावली. दुकानाच्या पाटीवर लंडन राहिले, कोट मात्र नेपल्सचा झाला. आणि आज जगभरचे शौकीन तोच मऊ कोट शिवून घ्यायला नेपल्सला जातात! इंग्रजी शिंप्याला तो अजूनही ढिला वाटतो, नेपल्सच्या शिंप्याला इंग्रजी कोट चिलखत वाटतो. दोघेही मनापासून बोलतात.

जपानची तर कमाल. १९६४ साली टोकियोत ऑलिम्पिक भरणार होते. त्याच्या तोंडावर गिन्झा पेठेत अमेरिकन कॉलेजकुमारांसारखे कपडे घालून नुसते उभे राहणाऱ्या पोरांना पोलिसांनी धरून नेले. पाहुण्यांपुढे शोभा नको म्हणून. पोरांनी काय घातले होते? नीटनेटका कोट, गुंड्यांच्या कॉलरचा सदरा, जरा तोकडी पँट. अमेरिकेत याच वेषातल्या मुलाला प्राध्यापक शाबासकी देत. पुढच्याच वर्षी जपानी मंडळी अमेरिकेतल्या विद्यापीठांत जाऊन तिथल्या मुलांचे फोटो काढून आली आणि ‘टेक आयव्ही’ नावाचे पुस्तक निघाले. पुढे अमेरिकेतच ती रीत मागे पडली, तेव्हा अमेरिकन लोक आपलाच जुना पोशाख या जपानी पुस्तकात बघून शिकू लागले.

असो. परदेश पुरे. आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू, आणि त्यासाठी आपल्याला लांब जायला नको.

रिवाज पाळणारे लाखो. पण ज्यांनी तो मोडला, त्यांच्याकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. ती सगळी माणसे रिवाजात पुरती मुरलेली होती. अडाणीपणाने चुकणे वेगळे आणि ठरवून चुकणे वेगळे.

१८८८ साल. पुण्यात व्हिक्टोरिया राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कनॉट यांच्यासाठी हरि रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. सरदार, जहागीरदार, शालजोड्या, हिरेमाणके. आणि तिथे जोतीराव फुले आले ते फाटके पागोटे, अंगावर घोंगडी, अशा शेतकऱ्याच्या वेषात. दारावर त्यांना अडवले होते, असे सांगतात. आत आल्यावर त्यांनी ड्यूकला ऐकवले, की या दागिन्यांनी मढलेल्या लोकांवरून आमच्या देशाची पारख करू नका. आता विचार करा, जोतीरावांकडे चांगले कपडे नव्हते? ते ठेकेदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामात त्यांचा ठेका होता, पुणे नगरपालिकेचे ते सदस्य राहिलेले. चांगले पागोटे घरी होतेच. ते खुंटीवर ठेवून दुसऱ्याचे फाटके पागोटे त्यांनी डोक्याला बांधले. ते दुसरे कोण, हे त्या रात्री मेजवानीतल्या प्रत्येकाला कळले.

आणि योगायोग पाहा, त्याच १८८८ साली गुजरातेतला एक अठरा वर्षांचा मुलगा बॅरिस्टर व्हायला लंडनला निघाला. तिथे गेल्यावर त्याने बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा सूट शिवला, एकोणीस शिलिंगांची उंच हॅट घेतली, भावाकडून सोन्याची घड्याळाची साखळी मागवली. रोज दहा मिनिटे आरशापुढे उभा राहून तो टाय बांधायचा. हे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे. त्याच माणसाने २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत सदरा-टोपी उतरवली आणि पंचा नेसला. १९३१ मध्ये तो त्याच पंचाने बकिंगहॅम राजवाड्यात गेला. उंच हॅट कशी धरायची हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा पंचा नुसती गरिबी ठरला असता. गांधीजींना साहेबाचा पोशाख गुंडीगुंडीने माहीत होता, म्हणून त्यांच्या पंच्याची दखल साहेबाला घ्यावी लागली.

आता ह्याच नगर-मनमाड रस्त्याने उत्तरेला जा, मनमाड ओलांडून मालेगावकडे वळा. त्या बाजूला कवळाणे नावाचे गाव आहे. तिथला एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याचा राजा झाला. सयाजीराव गायकवाड. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीला बादशहा पंचम जॉर्जचा दरबार भरला. नियम असा, की प्रत्येक संस्थानिकाने पुऱ्या राजचिन्हांनिशी पुढे यायचे, वाकून मुजरे करायचे आणि बादशहाला पाठ न दाखवता उलट पावली मागे जायचे. सयाजीराव आले ते साध्या पांढऱ्या पोशाखात, जवाहीर नाही, हातात फिरायला जायची काठी. एकदाच वाकले आणि पाठ फिरवून चालू लागले. विलायतेच्या वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. महाराजांना पुढे खुलासा करावा लागला. बाकीचे राजे त्या दिवशी झळाळत होते. त्यातल्या किती जणांच्या पोशाखाचे वर्णन आज कुणाला सांगता येईल?

मग बाबासाहेब आंबेडकर? त्यांची वाट बरोबर उलटी. जोतीरावांनी आणि गांधीजींनी कपडे उतरवले, बाबासाहेबांनी चढवले. आणि दोन्ही बरोबर! ज्या माणसाच्या समाजाला गावाने चांगले वस्त्र नेसू दिले नाही, नवे कापड अंगावर दिसले तर मार दिला, त्याने फाटके घालून काय सांगायचे? ते तर गावाला हवेच होते. म्हणून सूट, टाय, चकाकते बूट. गावोगावच्या चौकातल्या पुतळ्याचा तो निळा सूट विलायतेची नक्कल नव्हे. पारावर बसू न देणाऱ्या गावाला तो दिलेला जबाब आहे. पण हेही विसरू नका, की १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेताना बाबासाहेब पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून आले होते, आणि समोरचे लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत होते. त्या दिवशी त्यांना गावाला काही सांगायचे नव्हते. त्या दिवशी समोर आपलीच माणसे होती.

चार माणसे, चार दिशा. कुणी घोंगडी पांघरली, कुणी पंचा नेसला, कुणी हिरे काढले, कुणी टाय बांधला. ‘साधी राहणी’ असा एक शिक्का मारून या चौघांना एका तसबिरीत बसवणारे निबंध शाळेत अजून लिहून घेतले जातात. कृपा करून ते थांबवा.

आता जरा आपल्या प्रवराकाठाकडे येऊ.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. पाटाला पाणी आले, रानाला ऊस आला, आणि १९५० च्या सुमाराला इथून जवळच लोणीला सहकारी साखर कारखान्याचे बॉयलर पेटले. तो उभा करणाऱ्या विठ्ठलराव विखे पाटलांचे छायाचित्र आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे : डोईला फेटा. दिल्लीने १९६१ साली पद्मश्री दिली तरी फेटा तोच. पण त्यांच्या मागून आलेल्या पिढीच्या हातात उसाचे पेमेंट आले आणि कापड बदलले. टेरिकॉट आले. भट्टी नको, इस्त्री नको, धुतले की वाळले. त्याच्या मागून सफारी. साहेब, ठेकेदार, हेडमास्तर, सगळे सफारीत. एका कापडाची पँट आणि त्याच कापडाचा आखूड बाह्यांचा कोटवजा शर्ट, चार खिसे. फोटोत पाहिले तर आज हसू येते, पण त्या काळी लग्नात नवरदेवाच्या बापाने सफारी घातली, की व्याही जरा मागे सरकून बसायचा.

आणि पांढरा? पांढऱ्या रंगाची गंमत सगळ्यांत मोठी आहे. वारकऱ्याचा सदरा पांढरा, धोतर पांढरे, टोपी पांढरी. पुढाऱ्याचा नेहरू शर्टही पांढरा. दोघांना शेजारी उभे करा. वारकऱ्याच्या पांढऱ्यात वाटेची धूळ असते, आणि त्याला ती झटकावीशी वाटत नाही. पुढाऱ्याच्या पांढऱ्याला खळ, नीळ आणि कडक इस्त्री. बसताना शर्टाचा मागचा घोळ उचलून बाजूला घ्यायचा. काळ्या रानात राहून अंगावर एक डाग नाही, म्हणजे चिखलात उतरणारी माणसे दुसरी कुणीतरी आहेत. याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजाऱ्यांची टोपी २०११ साली दिल्लीच्या मैदानात हजारो डोक्यांवर चढली, तिच्यावर ‘मैं अन्ना हूँ’ असे छापून. जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांना त्याचे नवल वाटले. टोपीवर छापायचे काय? टोपी कोरी असते, आणि घडी नीट असली की ती पुरेशी बोलते.

देवापुढे काय घालावे, याचीही तऱ्हा पाहा. शनिशिंगणापूरला पूर्वी बरीच वर्षे पुरुषांनी आंघोळ करून, ओलेत्याने, भगवे वस्त्र नेसून चौथऱ्यावर जायचे. कोट्यधीश असो की सालगडी, उघडे अंग आणि गळणारे पाणी. अर्थात बाईला तो चौथरा २०१६ पर्यंत बंदच होता, हेही त्याच दमात सांगायला हवे. तिथून शिर्डीला या. १९१८ पर्यंत जे साईबाबा तिथे एका कफनीत आणि डोक्याला बांधलेल्या फडक्यात राहिले, त्यांच्या दारात २०२० साली फलक लागले, की भक्तांनी सभ्य पोशाखात यावे. आणि कोर्टात? वकिलाचा काळा कोट सगळ्यांना दिसतो. पण बार कौन्सिलच्या नियमात खाली पँटीऐवजी धोतरही चालते, जीन्स मात्र चालत नाही. नियमात धोतर आहे, कोर्टात धोतर दिसत नाही. नियमाने परवानगी दिली, तरी अशिलाच्या डोळ्यांनी दिलेली नाही!

पायांकडेही क्षणभर बघू. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून. २०२५ च्या जून महिन्यात मिलानमध्ये प्राडा कंपनीच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला झळकल्या, कोल्हापूरचे नाव न घेता. इकडे ओरड झाली, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिले, तेव्हा कंपनीने मान्य केले की प्रेरणा भारतीय कारागिरांची. रागावणे रास्तच होते. फक्त रागावणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी स्वतः तीच चप्पल घालून कचेरीत जायची लाज धरली होती. मिलानच्या रॅम्पवर ती दिसली, तेव्हा आपल्याला ती दिसली.

आता शेवटचे, आणि हे आपल्या घरातले. आपल्याकडे लग्नात आहेर कशाचा? टॉवेल-टोपी. प्रत्येकाच्या कपाटात वरच्या फळीवर नव्याकोऱ्या टोप्यांची चळत असते. त्या कुणी घालत नाही. या लग्नात आलेली टोपी त्या लग्नात जाते, तिथली पुढच्या गावाला. काही टोप्यांनी जिल्हा पालथा घातला असेल! पुष्कळ ठिकाणी सुशिक्षित मंडळी म्हणतात, हा खर्च बंद करा. करावाही. पण मांडवात नाव पुकारल्यावर एखाद्याच्या डोक्यावर टोपी ठेवायची राहिली, तर तो जेवल्याशिवाय का उठून जातो, हे आधी समजून घ्या.

आणि हीच टोपी प्रवरेच्या घाटावर पाहा. दहाव्याचा दिवस. प्रवचन संपलेले, पिंडाला कावळा शिवलेला. ज्याचा बाप गेला तो पंचविशीतला पोरगा, पुण्याला कंपनीत असणारा, मुंडण करून, आंघोळ करून ओट्यावर बसलेला असतो. मामाकडचे लोक दुखवट्याचे कपडे घेऊन पुढे येतात. शर्ट-पँटचा कपडा मांडीवर, टॉवेल खांद्यावर, आणि टोपी डोक्यावर. पोराने जन्मात टोपी घातलेली नसते. ती तिरपी बसते, मागून उचललेली, शिवण पुढे आलेली. तो तसाच खाली बघत बसतो. मग भावकीतला कुणीतरी थोराड माणूस उठतो, काही न बोलता दोन्ही हातांनी ती टोपी काढतो, घडी दाबतो, शिवण मागे घेतो आणि पुन्हा ठेवतो. मग पुढचा माणूस टॉवेल घेऊन येतो.